पाण्यात पाहणारी

मला ती कधीच आवडली नाही, हे आधीच सांगून टाकते. पुढे कुठे मी तिची बाजू घेतल्यासारखं वाटलं, तर तो घडलेल्या गोष्टींचा दोष समजा, माझा नाही.

कार्यालयात सगळे तिला घार म्हणायचे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. कामच तसं होतं तिचं. उपग्रहाने वरून काढलेली चित्रं बघायची आणि जलाशयात पाणी किती पसरलंय, किती आटलंय ते सांगायचं. पण काम तर माझंही तेच होतं, मला कुणी घार म्हटलं नाही. कुणाची चूक दिसली की ती वरून जी झडप घालायची, नाव खरं त्यावरून पडलं होतं.

दुसऱ्या मजल्यावर जिन्याला लागून आमची खोली. दोन टेबलं, दोन मोठे स्क्रीन, एक पंखा. आम्ही पाठीला पाठ लावून बसायचो, तेच बरं होतं. उपग्रह ठरलेल्या दिवशी आमच्या जलाशयावरून जातो. त्याचं चित्र साध्या फोटोसारखं नसतं. डोळ्याला न दिसणारा उजेडही त्यात टिपलेला असतो. त्या उजेडात पाणी काळंभोर दिसतं, झाडी लाल, उघडी माती राखाडी. पाणी आणि जमीन यांच्यामधली कड आखायची, आतलं क्षेत्र काढायचं आणि मागच्या वेळेशी ताडून बघायचं. ऐकायला सोपं आहे. पण ओला चिखल पाण्याचं सोंग घेतो, डोंगराची सावली पाण्याचं सोंग घेते आणि जलपर्णीने झाकलेलं पाणी कुरणाचं सोंग घेतं. पावसाळ्यात ढग आले की रडारची चित्रं घ्यावी लागतात. त्यांना ढगांचा अडथळा नाही, पण वाऱ्याने पाण्यावर लाटा उठल्या की तेच पाणी जमिनीसारखं उजळ दिसू लागतं. दिवसभर खोटं बोलणाऱ्या साक्षीदारांची उलटतपासणी घ्यायची, असं ते काम.

मी नवीन असताना पलीकडच्या डोंगराची सावली पाणी समजून कडेच्या आत घेतली होती. कुणीही सांगितलं असतं की बाई, हे दुरुस्त करा. घारीने माझा नकाशा छापून घेतला, साहेबांच्या खोलीत सगळे बसलेले असताना टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "आता लोकांना सावली प्यायला देणार का?"

सगळे हसले. मीसुद्धा हसले, कारण रडण्यापेक्षा ते बरं. त्या दिवसापासून आम्ही एकमेकींना पाण्यात पाहायला लागलो. कार्यालयात त्यावर विनोदही झाला, की या दोघींना पाण्यात पाहण्याचाच पगार मिळतो. बोलणं कामापुरतं, तेही अहो-जाहो करून. पंखा तिला नको असायचा, मला हवा असायचा. ती बंद करायची, मी लावायची. एवढ्यावर आम्ही अख्खे उन्हाळे काढले.

धरणावरचा साहेब तिचा सख्खा मोठा भाऊ होता. वडील त्याच धरणाचे दरवाजे उघडबंद करणारे. दोघं भावंडं धरणाच्या वसाहतीत वाढली. भाऊ इंजिनिअर झाला आणि फिरून फिरून वडिलांच्याच धरणावर साहेब म्हणून आला. हिचं लग्न झालं, ते टिकलं नाही. बॅगा घेऊन माहेरी आली तेव्हा भावाने दार उघडलं, पण बॅगा आत घेतल्या नाहीत. "चार दिवस राहा, मग बघू," म्हणाला. आई त्याच्या मागे उभी होती. ती काही बोलली नाही. घार तशीच वळली आणि गावात एका इमारतीत गच्चीवरची खोली भाड्याने घेतली. हे तिने मला सांगितलेलं नाही. ती मला स्टेपलर कुठे आहे तेही सांगत नसे. आमचे साहेब तिच्या वडिलांना ओळखत होते, त्यांच्याकडून कळलं.

भावाचा फोन बहुतेक दर आठवड्याला यायचा, कामाचाच. धरणाच्या भिंतीवर पातळी मोजायची पट्टी रंगवलेली असते. ती रोज सकाळी वाचून तो आकडा पाठवायचा. पातळी त्याची, पसारा आमचा, आणि दोन्हींचा मेळ बसायला हवा. नाही बसला की फोन. घार तो मुद्दाम मोठ्या आवाजात ठेवायची.

"काय गं, तुझ्या उपग्रहाने पाणी कमी दाखवलंय. माझी पट्टी तर हललेली नाही."

"पट्टी हलत नाही दादा, पाणी हलतं."

"लोक उंटावरून शेळ्या हाकतात, तू आकाशातून हाकतेस. कधीतरी खाली उतरून पाय ओले कर."

"तू भिंतीवर बसून हाकतोस. आणखी काही?"

आणि फोन आपटायची. बहीणभावाचं एवढं कडू बोलणं मी दुसरीकडे कुठे ऐकलेलं नाही. त्यात थट्टेचा लवलेश नसायचा.

एका वर्षी पाऊस बेताचाच झाला. गावात नळाला एक दिवसाआड पाणी येऊ लागलं. आमचे नकाशे वर्तमानपत्रात छापून यायला लागले, आणि लोकांचा राग आमच्यावर, जणू पाणी आम्हीच पिऊन बसलोय. पावसाळा सरून आकाश निवळलं आणि पहिलं स्वच्छ चित्र आलं, तेव्हा माझ्या पाठीमागून आवाज आला, "सरळ."

मी वळले नाही. थोड्या वेळाने पुन्हा, स्वतःशीच, "सरळ कशी?"

आमच्या जलाशयाला पसरलेल्या हातासारखा एक फाटा आहे, आणि तो जिथून फुटतो तिथल्या वळणाला आम्ही काख म्हणायचो. एक ओढा तिथेच येऊन मिळतो. त्या काखेत पाण्याची कड सरळ झाली होती. पट्टीने आखल्यासारखी. पाण्याची कड कधी सरळ नसते. जमिनीचे चढउतार जसे असतील तशी ती वाकडीतिकडी जाते. सरळ रेघ दिसली की समजायचं, इथे माणसाचा हात लागलाय.

पाणी कमी झालं म्हणून कड सरकली, असं कुणी म्हणू शकलं असतं. म्हणून तिने पातळी अगदी सारखी असलेले दिवस शोधले, एक यंदाचा, एक आदल्या वर्षीचा आणि एक त्याच्याही आधीचा. पातळी सारखी, तर पाण्याचा पसाराही सारखा हवा. बाकी सगळीकडे कड जागच्या जागी बसत होती. काखेत मात्र चित्रागणिक काळ्या ठिपक्यांच्या जागी राखाडी ठिपके आले होते. पाणी आटलं नव्हतं. पाण्यात कुणीतरी जमीन ओतत होतं.

सारख्या पातळीचे दिवस तिने भावाच्याच आकड्यांवरून काढले होते.

यानंतर जे घडलं ते मी पुढे तिच्या वहिनीच्या तोंडून ऐकलं. मीच काय, अख्ख्या मजल्याने ऐकलं. पण सांगायला हवं इथेच.

भावाने नुकतंच नवीन घर बांधलं होतं, पाण्याच्या अगदी काठावर. आईने घारीला फोन केला, "एकदा येऊन बघून तरी जा. मला खोली मिळाली आहे, खिडकीतून नुसतं पाणी दिसतं." इतक्या वर्षांत आईने स्वतःहून बोलावलं ते पहिल्यांदाच. घार गेली. वहिनीने चहा दिला. घार कप हातात घेऊन ओसरीवर उभी राहिली. समोर पाणी, पलीकडे धरणाची भिंत, डाव्या हाताला ओढा. ती कुठे उभी आहे हे तिला तिथेच कळलं असणार. त्या जागेचा ठिपका तिने कालपरवाच काळ्याचा राखाडी झालेला पाहिला होता.

"दादा, ही जमीन कुठून आली?"

"विकत घेतली."

"कुणाकडून? तळ्याकडून?"

भावाने आधी उडवून लावलं, मग आवाज चढवला, मग आईसमोर नको म्हणून तिला अंगणाच्या टोकाला नेलं. वहिनीही मागोमाग गेली. तिथे गुडघाभर पाणी असायचं, उपयोगाचं नव्हतं, असं म्हणाला. रस्त्याच्या कामाचा राडारोडा टाकायला ठेकेदाराला जागा हवी होती, त्याने ती टाकू दिली. ठेकेदाराने वर माती पसरून भूखंड पाडले, त्यातला कडेचा वहिनीच्या नावावर झाला. यात कुणाचं काय बिघडलं?

"तूच वर कळव," घार म्हणाली. "पुढचं चित्र येईपर्यंत मी थांबते."

भाऊ हसला. "आणि नाही कळवलं तर? तुझ्या चित्रात माझी ही ओसरी एका ठिपक्याएवढी. एका ठिपक्यावरून मला फाशी देणार?"

पुढचं चित्र आलं. भावाने काही कळवलं नव्हतं. घारीने एकाखाली एक चित्रं लावली, बुडीत क्षेत्रात भराव टाकल्याचं दोन ओळींत लिहिलं, कुणाच्या डोळ्यांदेखत तेही लिहिलं, आणि साहेबांच्या टेबलावर ठेवून आली.

आमचे साहेब निवृत्तीला टेकलेले. त्यांना वादळच काय, झुळूकही नको असायची. त्यांनी तो कागद दाबला असता, पण घारीने एक प्रत आधीच वरच्या कार्यालयात पाठवली होती, आणि तसं त्यांना सांगितलंही होतं. साहेब दिवसभर कपाळ चोळत बसले. दुसऱ्या दिवशी भाऊ हजर.

दार उघडंच होतं, त्यामुळे ऐकायला कुणाला कान लावावे लागले नाहीत. "ही माझ्यावरचा जुना राग काढतेय," तो म्हणत होता. "घरात ठेवून घेतलं नाही म्हणून. विचारा कुणालाही. सावली असेल, गवत उगवलं असेल, जलपर्णी असेल. हिला जे दिसायला हवंय तेच दिसतं."

"दुसऱ्या कुणाकडून तपासून घेऊ," साहेब म्हणाले.

"घ्या ना. तिच्या मागे बसतात त्या बाईंकडून घ्या. त्यांचं हिच्याशी पटत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. त्या तरी हिची भीड धरणार नाहीत."

अशी मी त्यात ओढली गेले. तेही तिच्या भावाच्या सांगण्यावरून.

संध्याकाळी जिन्यात त्याने मला गाठलं. दिसायला अगदी तिच्यासारखा, तेच नाक, फक्त बोलणं लोण्यासारखं. "तुम्ही समजूतदार आहात," म्हणाला. "तिने तुम्हालाही कमी त्रास दिलेला नाही. मी सगळं ऐकून आहे. नीट बघा, एवढंच म्हणणं आहे." तो आणखी काही म्हणाला नाही. म्हणायची गरजही नव्हती.

खोटं कशाला बोलू, मी ते काम हौसेने हातात घेतलं. तिची चूक सापडावी, ती छापून घ्यावी आणि सगळ्यांसमोर टेबलावर ठेवावी, अशी माझी फार इच्छा होती. मी तिच्या चित्रांना हात लावला नाही, दुसऱ्या उपग्रहाची मागवली. सावली म्हणावी तर सूर्य डोक्यावर असतानाचं चित्र काढलं, रेघ तिथेच. जलपर्णी म्हणावी तर जलपर्णी वाऱ्याबरोबर इकडून तिकडे जाते, ही जागची हलत नव्हती. गवत म्हणावं तर ते लाल दिसायला हवं, हे राखाडी होतं. रडारचं चित्र घेतलं. त्यात ती जागा नुसती उजळ नाही, चमकत होती. विटा-सिमेंटच्या कोपऱ्यांवरून रडारची लहर परत फिरते तेव्हा तसं चमकतं. पाणी कुठवर धरायचं त्याची मर्यादा मी दोन्हीकडे सरकवून पाहिली. कड थोडी आत-बाहेर झाली, सरळपणा सोडायला तयार नाही. मी इतकी चिडले की माउस आपटला.

"मोडेल," पाठीमागून घार म्हणाली. "सरकारी आहे."

मी तो उचलून पुन्हा कड आखायला घेतली.

शेवटचा उपाय म्हणून साहेबांना सांगून मी मोजणीदाराबरोबर जागेवर गेले. गाडी भरावावर थांबली. वरून पाहिलं तर छान लाल माती, ओळीने लावलेली रोपं. मोजणीदाराने टाचेने माती उकरली आणि खालून फुटक्या फरश्या, डांबराची ढेकळं, सळ्या आणि एका संडासाच्या भांड्याचा अर्धा तुकडा वर आला. ओढ्याचं तोंड दोन सिमेंटच्या नळ्यांत कोंबलेलं. बाकी भूखंड रिकामे होते, उभं असं एकच घर. मोजणीदार यंत्र घेऊन कडेकडेने गेला. मी उन्हात उभी होते, तर त्या घराच्या ओसरीवरून हाक आली.

"बाई, सावलीत या. पाणी घ्या."

ती घारीची आई होती. लहानशी, वाकलेली, पण आवाज खणखणीत. मी कोण, कशाला आले, तिला पक्कं ठाऊक होतं. तरी तिने पाणी दिलं, खुर्ची पुढे केली.

"आयुष्यभर धरणाच्या वसाहतीत राहिले," ती म्हणाली. "भिंतीच्या अलीकडे, खाली. माथ्यावर एवढं पाणी, पण दिसायचं कधी नाही, नुसती भिंत दिसायची. आता म्हातारपणी दिसतंय. सकाळी उठले की आधी पाणी बघते."

मी पाण्याचा घोट घेतला.

"तुम्ही तिच्याबरोबर काम करता ना?"

"एका खोलीत बसतो."

"तिला कुणाचं सुख बघवत नाही. लहानपणापासून. याला शाबासकी मिळाली की ही जेवायची नाही." मग जरा थांबून म्हणाली, "तिला खरं तेवढं दिसतं. माणूस दिसत नाही."

मला त्या म्हातारीची दया यायला हवी होती. आलीही असेल. पण जास्त करून राग आला. घारीचा, तिच्या भावाचा, आणि ही खुर्ची ज्याच्यावर टेकली होती त्या राडारोड्याचा. एवढी शहाणीसुरती बाई, आणि जन्मात एकदा तिला हवं ते मिळालं तेही चोरीचं. पाणी पिऊन मी उठले. मोजणीदाराची रेषा माझ्या रेषेवर बसली होती. म्हणजे घारीच्या रेषेवर.

पुढच्या बैठकीत वरच्या कार्यालयातले दोघे आले होते. भाऊ निवांत बसला होता, पायावर पाय टाकून. मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं, सूर्य, जलपर्णी, रडार, मोजणी. "भराव आहे," म्हटलं. "त्याखाली आधी पाणी होतं. शंका नाही."

भावाचा पाय खाली आला. "दोघी मिळाल्या तर!"

"आम्ही?" मी म्हटलं. "मेले तरी नाही."

कुणी हसलं नाही. कोपऱ्यात बसलेल्या घारीनेही वर पाहिलं नाही. वरच्या कार्यालयातल्या एकाने विचारलं, "पातळी सारखी होती हे कशावरून?"

"साहेबांच्या स्वतःच्या आकड्यांवरून," मी भावाकडे बोट केलं. "रोज सकाळी तेच पाठवतात. आकडे चुकलेत असं म्हणायचं असेल तर त्यांनी आता म्हणावं."

त्याने रुमाल काढून कपाळ पुसलं. कुंपणच शेत खातं म्हणतात ते मी पुष्कळदा ऐकलं होतं. खाताना पकडलेलं कुंपण कसं दिसतं ते त्या दिवशी पाहिलं. त्यात बघण्यासारखं काही नसतं. एक घामेजलेला माणूस असतो.

घर रिकामं करायचा हुकूम निघाला, आणि त्याच आठवड्यात वहिनी आली. जिन्यातूनच तिचा आवाज चढत आला. आमच्या खोलीच्या दारात उभी राहून तिने सगळं बाहेर काढलं. कप हातात घेऊन दिलेली धमकी, लग्न मोडल्यापासूनचा जळफळाट, सगळं. मजल्यावरची माणसं आपापल्या दारात आली.

"माझ्याच घरात बसून, माझ्याच कपातला चहा पिऊन माझं घर पाडलंस! स्वतःला संसार जमला नाही तर दुसऱ्याचा मोडायचा?"

घार खुर्चीतून उठली नाही. "वहिनी, घर तुमचं होतं. जमीन तुमची नव्हती."

"आणि आई? तिचा तरी विचार करायचा होतास!"

"आईला माझ्याकडे पाठवा. मी सांभाळते."

"पाठवा?" वहिनी हसली, ते हसणं मला अजून ऐकू येतं. "खाली गाडीत बसली आहे. जा, विचार तूच."

घार उठली आणि खाली गेली. मी जिन्याच्या खिडकीत गेले. चोरून बघत होते म्हणा हवं तर, मजल्यावरचे निम्मे लोक तिथेच होते. फाटकाजवळ गाडी उभी होती, मागच्या बाजूला म्हातारी. घार खिडकीशी वाकली. ती काय बोलली ते ऐकू आलं नाही. फार वेळ बोलली नाही, एखादं वाक्य असेल. गाडीची काच हळूहळू वर चढली. मग घार सरळ झाली, काचेत बघत उभी राहिली. तेवढ्यात वहिनी खाली पोचली, गाडीत बसली आणि गाडी निघून गेली.

वर येऊन घार तिच्या जागेवर बसली. मी पंखा लावला. तिने बंद केला नाही. तेव्हा मला कळलं की तिला पंख्याचं भानच नाही, आणि त्याचा मला आनंद झाला नाही.

भराव काढला गेला, पण कसा ते ऐका. यंत्रं आली, घर पाडलं, वरची माती आणि राडारोडा उचलला, फोटो काढले आणि यंत्रं गेली. तळाचा थर तसाच राहिला. ओढ्यातल्या नळ्या काढल्या, एवढं एक नीट झालं. भावाची आधी चौकशी झाली, मग भांडारावर बदली. तिथे गंजलेले नळ मोजत बसण्यापेक्षा त्याने मुदतीआधीच निवृत्ती घेतली. ठेकेदाराचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं, त्यामुळे त्याला कुणी काही विचारलं नाही. तो आता गावाच्या दुसऱ्या टोकाला भूखंड पाडतो.

आणि गावाला काय मिळालं? नळ एक दिवसाआडच राहिला. काखेतल्या तेवढ्याशा पाण्याने काय होणार होतं? लोक घारीला घर फोडणारी म्हणू लागले. वाण्याच्या दुकानात कुणीतरी मलाही ऐकवलं, "त्या म्हातारीला बेघर करणाऱ्या तुम्हीच ना?" मी म्हटलं, हो, मीच. आणि सामान न घेताच बाहेर आले. घारीला रोज ऐकावं लागत असणार. तिने कधी बोलून दाखवलं नाही.

साहेबांनी निवृत्त होताना छोटंसं भाषण केलं. त्यात सगळ्यांची नावं घेतली, तिचं वगळून. ती टाळ्या वाजवत होती, नीट, इतरांइतक्याच.

तिने मला एकदाच विचारलं. आम्ही दोघीच खोलीत होतो. खुर्ची न वळवता म्हणाली, "दादाने तुम्हाला जिन्यात गाठलं होतं ना?"

"हो."

"मग?"

"मग काय? तुमच्यासाठी नाही केलं मी."

"ते माहीत आहे," ती म्हणाली. "माझ्यासाठी केलं असतंत तर कुणी विश्वास ठेवला नसता."

यापेक्षा जवळचं आमच्यात कधी काही बोलणं झालं नाही. लोकांना वाटतं, अशा प्रसंगातून मैत्री होते. आमची झाली नाही. ती माझ्या नकाशांत अजूनही खुसपटं काढते, मी तिच्या. तिला खरोखर भावाचा राग होता का? होता. नसता तर तिने ती सरळ रेघ वर कळवली असती का? मला शंका आहे. दुसरी कुणी असती तर आपल्याला काय करायचंय म्हणून पुढच्या चित्रावर गेली असती. मी गेले असते का, हे मी स्वतःला विचारत नाही.

भाऊ आता गावात तिसऱ्या मजल्यावर भाड्याच्या घरात राहतो. आईच्या खोलीच्या खिडकीतून शेजारच्या इमारतीची भिंत दिसते. घार दर रविवारी तिथे जाते. पहिल्यांदा गेली तेव्हा दार उघडलं नाही. नंतर नंतर उघडायला लागलं. भाऊ तिला पाहून आत निघून जातो, वहिनी स्वयंपाकघरात भांडी आपटते. घार आईच्या खोलीत खुर्ची घेऊन बसते. आई भिंतीकडे तोंड करून पडलेली असते, एक शब्द बोलत नाही. वेळ झाली की घार उठून येते. हे सगळं मला आमच्या शिपायाकडून कळलं, तो त्याच इमारतीत राहतो.

परवा सोमवारी घार उशिरा आली. डोळे सुजलेले, पण चालणं असं की जणू बढती मिळाली आहे. मी कधी विचारत नाही. त्या दिवशी विचारलं.

"काय झालं?"

"आई बोलली."

"काय म्हणाली?"

"शिव्या दिल्या. जन्मल्यापासूनच्या सगळ्या काढल्या. तू मेली असतीस तर बरं झालं असतं, इथपर्यंत."

"आणि तुम्ही?"

"ऐकल्या. मधे पाणी दिलं तिला, घसा बसला होता." तिने स्क्रीन सुरू केला, नवीन चित्र उघडलं आणि त्यावर ढग किती आहेत ते बघू लागली. "पुढच्या रविवारी परत जाणार आहे. तिचं अजून बरंच बोलायचं राहिलंय."